वच्छलामावशीची आण आणि माझं नाक

तीर्थरूप वच्छलामावशीस,

हर्सूलहून अजिनाथचा उभ्यानेच नमस्कार. वाकून करणार होतो, पण नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केली आहे, त्यामुळे कागदावरसुद्धा जरा ताठच राहिलो आहे. उद्धटपणा समजू नये. तुमचे गुडघे कसे आहेत? त्या नव्या तेलाने काही उतार पडला का? तुमच्या काळ्या शेळीने शेजाऱ्यांची वाळत घातलेली बनियन खाल्ली, असं सुकेशनीकडून कळलं. शेळीची तब्येत बरी आहे ना? (बनियनची चौकशी करत नाही, तो तुमच्या शेजाऱ्यांचा घरगुती प्रश्न आहे.) आमच्याकडे आई ठणठणीत आहे, सुकेशनी ठीक आहे, आणि मी कसा आहे ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे.

फोन सोडून हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरात फोन म्हणजे स्पीकरवर. आईला कानाला लावून ऐकू येत नाही आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे घरातला प्रत्येक फोन ओट्यावरच्या बायकांपर्यंत जातो. शिवाय माझा आवाज अजून असा येतो की परवा ऑफिसातून फोन आला, तर साहेब म्हणाले, रडू नका, रजा मंजूर आहे. म्हणून कागद घेतला. तुम्ही पोथी मोठ्याने वाचता तसं मात्र हे वाचू नका. मनातल्या मनात वाचा, आणि जमलं तर शेळ्यांकडे पाठ करून.

तर नाक. माझं नाक लहानपणापासून एका बाजूने बंद. आतलं हाड वाकडं, हे उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी आता सांगितलं. आईच्या मते मी जन्मतःच हेकट, त्यामुळे हाडानेही तोच गुण घेतला. मी घोरायचो हे तुम्हाला ठाऊक आहे. (लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे दौलताबादला मुक्कामाला आलो, तेव्हा काकांनी उठून गोठ्यात काय झालं ते पाहिलं होतं.) पण सुकेशनीने बारा वर्षांत घोरण्याची तक्रार कधी केली नाही. तिची तक्रार उलटीच होती. मधेच माझं घोरणं थांबायचं, श्वासही थांबायचा, आणि ती उठून बसायची. तिने हे मला कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी बिनघोर झोपायचो आणि ती माझा पुढचा श्वास येईपर्यंत माझ्या छातीवर हात ठेवून जागी राहायची. ऑपरेशनला मी सुईच्या भीतीने तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा तिने पिशवी भरून दारात ठेवली आणि रिक्षा बोलावली.

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही नाकपुड्यांत बोळे घालून घरी आलो तेव्हा आई म्हणाली, ह्यो तर सोंड बसवायच्या आधीचा गणपती दिसतुया. नियम बरेच होते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, उशाला दोन उशा, जड उचलायचं नाही. सुकेशनीने सगळे नियम पाठ केले. बोळे काढल्यावर मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात सोडायचे, ते ती इतक्या हळुवारपणे सोडायची की थेंबालाही आपण कुठे पडलो ते कळत नसेल. आणि प्रत्येक थेंबागणिक विचारायची, "दुखलं का?" नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

मग तो प्रसंग घडला. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी नाक आतून साफ केलं, आणि घरी येऊन उंबऱ्यातून पाऊल आत टाकतो तोच मला वास आला. मेथीला लसणाची फोडणी दिली होती. मग ओल्या धुण्याचा वास आला. मग सुकेशनी पदराला हात पुसत समोर आली, आणि खोबरेल तेल आणि शिकेकाई असा मिळून एक वास आला. मावशी, बारा वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिच्या केसांना वास असतो, हे मला माहीतच नव्हतं! मी तिथेच उभ्याउभ्या तसं बोलून गेलो. आई घरात आहे याचंही भान राहिलं नाही. त्यावर तुमची भाची लहान पोरीसारखी धावत आली आणि तिने मला मिठी मारली. आता, देवाने आमची उंची अशी जुळवली आहे की तिचं कपाळ बरोबर माझ्या नाकाच्या रेषेत येतं. (लग्नात गुण जुळवणाऱ्यांनी ग्रहांचे गुण मोजले, कपाळ आणि नाक यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.)

रक्त फार नव्हतं. चमचाभर असेल. पण ते तिच्या पिवळ्या ब्लाउजवर पडलं, आणि पिवळ्यावर चमचाभर म्हणजे वाटीभर दिसतं. आई ओरडली, "आगं आगं, फोडलं की गं त्याला!" शेजारच्या सरूबाई कांदा घेऊन धावत आल्या. नाकातून रक्त आलं की कांदा हुंगवतात, असं त्यांच्या माहेरी करत असत. मी मान हलवून नको म्हणत होतो, त्याने आणखी रक्त. दवाखान्यात फोन केला, त्यांनी सांगितलं तसं पुढे झुकून बसलो, बर्फ लावला, आणि थांबलं. सुकेशनीचं रडणं मात्र थांबेना. तेवढ्यात तुमचा फोन आला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर, आणि आईने तुम्हाला जो वृत्तांत दिला त्यात मी जवळजवळ गेलोच होतो. त्यावर तुम्ही जे बोललात ते ओट्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं: "सुके, माझ्या गळ्याची आण हाय तुला. त्याची जखम भरस्तोवर त्याच्या अंगाला अंग लावायचं नाय!"

तुम्ही काळजीपोटी बोललात, हे मला कळतं. तिची आई गेल्यावर तुम्हीच तिला वाढवलंत, तुमच्या आणेला तिच्या लेखी कोर्टाच्या हुकुमाहून जास्त वजन आहे. पण मावशी, तेव्हापासून माझ्या घरात माझी अवस्था सोवळ्यातल्या तांब्यासारखी झाली आहे. चहाचा कप ती टेबलावर ठेवते आणि बोटाने माझ्याकडे सरकवते. थेंब सोडते ते हात लांब करून, श्वास रोखून. रात्री तिचं अंथरूण दाराशी, आणि मधे आई. आणि पाण्याचा दिवस! आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि ते केव्हा येईल ते नळालाही माहीत नसतं. त्यामुळे आम्ही दोघं हंडे-ड्रम मांडून पायरीवर वाट पाहत बसायचो, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून डुलकी काढायची. लोक पाण्याच्या नावाने महापालिकेला शिव्या देतात. मी मनातल्या मनात म्हणायचो, आणखी अर्धा तास नाही आलं तरी चालेल. आता ती अंगणाच्या त्या टोकाला बादली उपडी घालून बसते. परवा पाणी लगेच आलं, तर मला रागच आला.

शेवटी ठरवलं की डॉक्टरांनाच विचारायचं. पण विचारायचं कसं? डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, शेजारच्या खुर्चीत आई. (नाक तिने दिलेलं असल्यामुळे प्रत्येक तपासणीला ती हजर असते.) मी आडून सुरुवात केली. म्हटलं, मॅडम, समजा कुणाचं डोकं वगैरे जवळ येईल असं काही काम असलं, तर चालेल का? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कबड्डी खेळता का? म्हटलं, नाही. कुस्ती? नाही. तेवढ्यात आई मदतीला धावली, "गावाकडं म्हशी हायेत ना, शिंग लागंल म्हणत आसंल त्यो." मग डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं म्हशीपासून किती अंतर ठेवावं ते समजावलं. मी जायला उठलो, दाराशी गेलो, आणि परत फिरून एका दमात म्हणालो, मॅडम, बायको जवळ येत नाही.

ती हसली, पण चांगलं हसली. आणि मग ठणठणीत आवाजात म्हणाली, "मिठी मारायचीय ना? मारा की! फक्त समोरून नको, बाजूने. सावकाश. चेहरा त्यांच्या खांद्यापलीकडे, नाकावर दाब नको. आणि कुणाच्या कोपराला, डोक्याला जपा." (बाकीचंही थोडं सांगितलं, ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही, थोडक्यात, दम लागू द्यायचा नाही.) दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेले, नाकाला पट्टी लावलेले एक चाचा उठून आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाईजान, हमकू भी येच पूछना था, हिम्मत नई हो री थी." घरी रिक्षातून उतरताना आई म्हणाली, "मला आदी सांगायचं व्हतं, मी भाईरच बसले आसते."

घरी आलो आणि आधी सराव केला. गादीची वळकटी उभी करून तिला डाव्या बाजूने, सावकाश, चेहरा पलीकडे ठेवून मिठी मारली. दोनदा चांगली जमली. तिसऱ्यांदा मागे सुकेशनी उभी होती. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, तिचे डोळे भरले. मी डॉक्टरांची परवानगी सांगितली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "डॉक्टरचं ठीक हाय. पन मावशीची आण हाय ना." आणि आत निघून गेली.

मी विनोदाने लिहितो आहे, पण मला तिची फार आठवण येते, मावशी. समोर वावरणाऱ्या माणसाची आठवण येणं कसं असतं ते मला या आजारात कळलं. बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, तोही उभ्यानेच.

तुमचा जावई,
अजिनाथ

ता. क. सीताफळं पाठवू नका, सर्दीची भीती आहे. पाठवलीच तर सुकेशनीसाठी थोडी पाठवा, तिचं जेवण कमी झालं आहे.

ता. क. आता खरं सांगतो. तुमच्या घराण्यात ज्याने आण घातली त्यानेच तोंडाने ‘सुटली’ म्हणावं लागतं, दुसऱ्याने म्हणून चालत नाही. तिला स्वतःहून तुम्हाला सांगायची लाज वाटते. तेव्हा कृपा करून एक फोन करा आणि दुसऱ्या कशाचं तरी निमित्त काढून, शेळीचं काढा, मधेच ‘सुटली’ म्हणा. स्पीकरवर म्हटलंत तरी चालेल. आता माझी कसलीच लाज उरलेली नाही. पत्रात मी काय लिहिलं ते मात्र तिला कळू देऊ नका.

ता. क. मावशे, हे अक्षर माझं, सुकेशनीचं. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडंच दिलं आणि वाचू नको म्हणाले, म्हणून वाचलं. तू आण कवाच सोडलीस. मी गच्चीवर शेवया वाळत घालत होते तवा फोनवर सुटली म्हणालीस, ते मी यांना सांगितलंच नाय. आण सुटली तरी माझी भीती सुटंना. माझ्याच कपाळानं रक्त काढलं, ते डोळ्यापुढून जाईना. आण हाय म्हटलं की कुणी पुढं इचारत नाय, म्हणून तुझ्या आड लपले. यांचं झुरणं मला दिसत नव्हतं असं नाय. तू आता फोन करू नको. पत्र वाचून मी यांच्याजवळ जाऊन बसले, बाजूनंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं. आत्ता दुपारचे हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेत, श्वास नीट चालू हाय. माझा उजवा हात यांच्या मानेखाली दबलाय, मुंग्या आल्यात, पन मी काय काढायची नाय. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर लावून वाच.