कुंडमच्या बाजूचा चोर

जबलपूर,
बुधवार

तीर्थस्वरूप शकुआत्यास,

सौमित्रचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात मला सध्या अर्धाच नमस्कार जमतो, उरलेला कागदावरचा मानून घ्यावा.) इकडे आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझे गुडघे काय म्हणतात? सिद्धेश आणि सूनबाई अर्चना मजेत ना? तू आमच्या घरचा फोन उचलत नाहीस, तेव्हा पोस्टाची वाट धरली. कारण तुमच्या कुंडमच्या बाजूला एक चोर आहे आणि तुला सावध करणं भाचा म्हणून मला भाग आहे.

थोडं मागून सांगतो. माझ्या अपूर्वाच्या लग्नात तू व्याह्यांना म्हणालीस, "भैया को सुनाई नहीं देता, ज़रा ज़ोर से बोलिए." बाबा उखडले. आपले कान उत्तम आहेत, फक्त ऐकण्यासारखं कोणी बोलत नाही, असं त्यांनी तुला भर मांडवात सुनावलं. तू "अच्छा, तो अब मैं बोलूँगी ही नहीं" म्हणून जी कुंडमला गेलीस ती गेलीस. दोन वर्षं झाली. तुम्ही दोघं सख्खी भावंडं, दोघांचीही सत्तरी उलटलेली, आणि अबोला शाळेतल्या पोरांसारखा. मधल्या मध्ये मी थकलो, पण ते असो.

गेल्या हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले. सुदैवाने मुका मार लागला, पण आम्ही घाबरलो. मी दिवसभर सिविल लाइंसला बँकेत कॉम्प्युटर सांभाळणार, विनता शाळेत शिकवायला जाणार, घरात बाबा एकटे. चिन्मयीने पुण्याहून फर्मान काढलं, की दादा, खोलीत कॅमेरा लाव. (बहिणींना फर्मानं काढायला पुणं सोयीचं पडतं.) बाबा म्हणाले, बनियनवर बसलेल्या माणसाचं चित्रण होणार नाही. शेवटी तडजोड म्हणून टेबलावर नुसता आवाज पकडणारी एक डबी ठेवली आणि तो आवाज घराबाहेर पोचवायला जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम चालू केला. त्याला ना चित्र ना बटणं, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची की झालं. या टोकाला जे येईल ते त्या टोकाला द्यायचं, पंगतीत हातोहात पातेलं पुढे सरकवतात तसं. बिचारा मधला माणूस आत काय आहे ते बघत नाही आणि पुढचा कोण तेही विचारत नाही.

ते ऐकण्याचा दुवा चिन्मयीला पाठवायचा होता. तो मी सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. लगेच पुसलासुद्धा, पण आपल्या कुटुंबात पुसलेलं सगळ्यात आधी वाचलं जातं.

गेल्या आठवड्यात त्या प्रोग्रामबद्दल सूचना वाचली, की जुन्या आवृत्तीत एक भोक सापडलं आहे. कोणी मुद्दाम अवाढव्य लांबीचा मजकूर पाठवला तर प्रोग्राम कोलमडतो, आणि पाठवणारा हुशार असेल तर आपल्या कॉम्प्युटरला हुकूमही सोडू शकतो. बँकेत असल्या सूचनेवर मी लोकांना कामाला लावतो, घरी मात्र वर्षभर जुनीच आवृत्ती चालवत होतो. मुकाट्याने नवी बसवली. बसवताना दिसलं, की त्याहून मोठं भोक माझंच आहे. ऐकायला येणाऱ्याला मी ना नाव विचारलं होतं ना पासवर्ड. दुवा असला की झालं, या, बसा, ऐका.

मग कोण कोण येऊन बसलं याची नोंद काढली. चिन्मयी सुरुवातीचा एक आठवडा आली, पुढे नाही. मात्र दुसरं कोणीतरी रोज दुपारी येत होतं आणि बाबांची वामकुक्षी सुरू होईपर्यंत हलत नव्हतं. नक्की ठिकाण कळेना, पण रोख सगळा कुंडमकडचा. बाबा एकटे असले की मोठ्याने बोलतात, हे तुला माहीत आहे. विनताची भाजी, शेजाऱ्यांची सून, बाहेरच्या दाराची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते, सगळं त्यात येतं. मी ओमतीच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी आदराने विचारलं, काय चोरीला गेलं? म्हटलं, काही नाही, फक्त कोणीतरी ऐकतं. त्यांनी पुन्हा विचारलं, ऐकून काय करतं? म्हटलं, काही नाही, रोज येऊन ऐकतं. त्यांनी मला चहा पाजला. त्यांचंही काही चुकलं नाही.

तेव्हा रविवारी मीच बंदोबस्त केला. आता ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्यालाच ऐकू येतं, आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे आणि चिन्मयीकडे आहे. चोराचं तोंड काळं झालं. तू मात्र रात्री कड्या नीट लावत जा. बाकी क्षेम.

तुझा
सौमित्र

ता. क. आत्या, चोर कोण ते मला सोमवारीच कळलं आहे. वर लिहिलं ते सगळं तुला ओशाळं वाटू नये म्हणून. सोमवारी दुपारी बँकेत कानाला लावून तपासत होतो, आवाज नीट येतो का ते. बाबा डबीच्या अगदी जवळ येऊन बोलत होते. "शकू, आज डाळ पातळ झाली आहे. तू जेवलीस का? बरं, राहू दे, तू काहून बोलशील."

घरी येऊन विचारलं. तू रोज ऐकतेस, हे अर्चनाने त्यांना महिन्यापूर्वीच फोनवर सांगितलं होतं. एरवी फोनवरचं एक अक्षर त्यांना कळत नाही, तेवढं मात्र कळलं. तेव्हापासून ती सगळी बडबड तुझ्यासाठी होती. दार मी तुझ्याच तोंडावर लावलं, हे सांगितल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि धड जेवतही नाहीत. पासवर्ड मी तुला लगेच देईन. पण मला वाईट वाटतं गं. त्या डबीतून आवाज एकाच बाजूने जातो. दोन वर्षांत एकदाही त्यांना तुझा आवाज ऐकायला मिळालेला नाही. एकदा फोन उचल, नाहीतर येऊन जा.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी बाबांनी मागून घेतलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

शकू, हा पोरगा मूर्ख आहे. माणूस ऐकून राहिला असताना कोणी भोक बुजवतं का? मी दोन दिवस नुसता डबीशी बोललो. पासवर्ड वगैरे काही मागू नको. तू ये. आणि आल्यावर जोरात बोल. मला ऐकू येत नाही.