पट्टीवरचं काळं ऑइल

तलवाडा,
मंगळवार

प्रिय तेजू,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी रडले असते आणि मग तूच माझी समजूत काढत बसली असतीस. ते मला नको होतं, म्हणून कागद घेतला.

तुझे अण्णा या महिन्यात गॅरेज बंद करणार, हे तू सांगितल्यापासून डोक्यातून जात नाही. पंचवीस वर्षं फाट्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला माणूस. तू म्हणालीस, "हात चालतेत, डोळे शाबूत हायेत, मग कावून बंद करायलेत?" त्याचं उत्तर मला माहीत आहे.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जीप मीच चालवते. रोज नऊ मुली गेवराईच्या कॉलेजात सोडायच्या. दहावी मुलगी मी बसवत नाही. जीप वीस वर्षांची. तिचा आवाज जरा बदलला की मी ती कडेला घेऊन ऐकत राहते. दिवाळीनंतर ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी चार दिवस मोबाईलवर वाचत बसले होते. एका ठिकाणी लिहिलं होतं, पातळ सिंथेटिक टाका, दहा हजार किलोमीटर बघायला नको. शेडमध्ये जाऊन ते सांगितलं तर अण्णा हसले. म्हणाले, "पोरी, ते नव्या गाड्यांचं. ही म्हातारी हाय. पातळ टाकलंस तर जुन्या सीलातून गळत बसंल. हिला दाटच लागतं, वीस-चाळीस नंबरचं. आन् पाच हजार किलोमीटरला बदलायचं, एवढं ध्यानात धर." मी ऐकलं. मग बाबांची औषधं आणायला पेठेत गेले आणि परत येईपर्यंत काम झालेलं होतं. ऑइल बदलताना मी डोळ्यांनी पाहिलं नाही, एवढीच गोष्ट मला टोचत राहिली.

तुला आमचे आबा आठवतात ना? शाळेत घालायच्या आधी त्यांनीच मला घरी अक्षरं शिकवली, आणि सोबत एक सवय लावली: कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पडताळायचं. चौथ्या दिवशी मी बॉनेट उघडलं आणि ऑइल बघायची पट्टी ओढली. डांबरासारखं काळं! माझ्या स्कूटीचं ऑइल महिन्यानंतरही मधासारखं दिसतं, आणि हे चार दिवसांत असं? मला वाटलं, झालं पडताळून.

त्या दिवशी बाजार होता. शेडमध्ये पाच-सहा माणसं बसलेली. मी पट्टी पांढऱ्या रुमालाला पुसली, रुमाल अण्णांच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "अण्णा, ऑइल बदललं, का नुसतं बिल फाडलं?" तेजू, हे वाक्य रागात सुटलं नव्हतं. मी ते घरून ठरवून नेलं होतं, वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "डिझेलचं हाय पोरी, काळं पडतंच." मी म्हणाले, "मला येडी समजू नका." ट्रॅक्टर घेऊन आलेला बंकट मांडीवर थाप मारून अण्णांना नावानिशी ओरडला, "सापडलास की बे परमेश्वरा! पोरीनं धरला!" सगळे हसले.

अण्णांनी मग इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट खोलला. सगळं ऑइल खाली काढलं, नवा डबा आणून त्याचं सील मलाच फोडायला लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत भरलं. पैसे घेतले नाहीत. लोकांना वाटलं, चोरी पकडली म्हणून भरून दिलं. मलाही तसंच वाटलं. मी ताठ मानेनं जीप बाहेर काढली.

तीन दिवसांनी पट्टी पुन्हा ओढली. तितकंच काळं.

गेवराईत एका मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "ताई, इंजिनातली काजळी ऑइलच पोटात घेतंय. जुन्या डिझेलमध्ये काळं न्हाई झालं तर काळजी करा." हे कळून चार महिने होत आले. या काळात अण्णांच्या शेडसमोरची वाहनं कमी होत गेली, आणि मी तिथून जाताना दुसरीकडे बघत राहिले. अण्णा अजूनही आमच्या जीपचा आवाज ऐकला की मान वर करतात, इंजिन बरं चाललंय का ते ऐकतात, आणि पुन्हा खाली बघतात.

मागच्या रविवारी तू विचारलंस, "अण्णांना कुणी काही बोललं का गं? तू तिथलीच, तुला कळलं आसंल." मी म्हणाले, "नाही गं, माझ्या तर कानावर नाही." बोलणारी मीच होते. अण्णांनी माझं नाव तुलासुद्धा सांगितलं नाही, आणि मी त्यांच्या त्या चांगुलपणाआड लपून राहिले. एकट्यात गाठून माफी मागणं माझ्या सोयीचं झालं असतं. पण बोलले ते चारचौघांत. परत घ्यायचं तेही चारचौघांत, बंकट समोर असताना. या महिन्याच्या शेवटच्या बाजाराला जीपचे पाच हजार किलोमीटर भरतात. पण त्याच्या आदल्या दिवशीच भंगारवाला शेडमधलं सामान उचलणार आहे, असं ऐकलं. त्यांना थांबा म्हणायला मला तोंड नाही. म्हणून तुला लिहिलं. तू फोन कर. माझं नाव घे, काय झालं ते सगळं सांग, आणि मग एवढंच म्हण, की बाजारापर्यंत थांबा, एका जीपचं ऑइल बदलायचं राहिलंय.

एवढं करूनही तुझीच,
आम्रपाली