चाळीस रोल, बर्फ शून्य

रविवार, १ जून
आजपासून रोज लिहायचं. रोज सकाळी अर्धा तास चालायचं. डाव्या पायाची बोटं बधिर वाटतात, डॉक्टरला दाखवायचं.

तुबलीच्या गोडाऊनमध्ये चाळीस रोल येऊन पडले. बाहेरच्या काँक्रीटच्या वाटांमध्ये आणि रॅम्पमध्ये पुरायच्या इलेक्ट्रिक मॅट. वीज सोडली की वरचा बर्फ वितळतो. युरोपात क्लिअरन्स सेल होता, मी मागवले. खरं म्हणजे बाथरूमच्या फरशीखालच्या मॅट मागवायच्या होत्या, पण कॅटलॉगमध्ये दोन्ही पानं शेजारीशेजारी आहेत. कोणाचंही झालं असतं.

यासीनसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, खिडकीबाहेर पाहिलं. चव्वेचाळीस डिग्री. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सर, पूर्ण बहरीनमध्ये कॉम्पिटिशन शून्य. ते इंशाल्ला म्हणाले. पॉझिटिव्ह वाटले.

मंगळवार, १० जून
केबिनमध्ये बोलावणं. ३१ ऑगस्टपर्यंत या मॅटची एक तरी ऑर्डर आण, नाहीतर १५ सप्टेंबरला संपणारा तुझा व्हिसा रिन्यू करणार नाही, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. मॅनेजमेंट विश्वास असलेल्या माणसालाच टार्गेट देते.

घरी सांगितलं. मेधा म्हणाली, अहो, ऋत्विक दहावीत आहे. मी नववीत समजत होतो. तसं बोललो नाही.

गुरुवार, २६ जून
चालणं अजून सुरू नाही. उकाडा.

अमवाजला एका व्हिलावाल्या बाईंना प्रेझेंटेशन दिलं. गेटपासून दारापर्यंत काँक्रीटची सुंदर वाट आहे. तीस स्लाइड दाखवल्या. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की दुपारी वाट तापून कुत्र्याचे पाय भाजतात, तर वायर उलटी जोडली तर वाट गार होईल का. मी म्हणालो, त्या दिशेने आरअँडडी चालू आहे. कार्ड ठेवून घेतलं त्यांनी.

सोमवार, १४ जुलै, सकाळी ११
सापडला! बहरीनमध्ये बर्फ सापडला!

बुसैतीनमध्ये फ्रोझन मासळीचं गोदाम आहे. फ्रीझरचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि आतल्या रॅम्पवर बर्फ धरतो. गेल्या आठवड्यात ट्रॉलीसकट एक माणूस घसरून पडला. मॅनेजर अहमद वैतागलेला आहे. मी म्हणालो, एक रॅम्प फुकट करून दाखवतो. तो म्हणाला, रॅम्प पे बर्फ मफी, तो छे रॅम्प का ऑर्डर पक्का. म्हणजे बर्फ नाही दिसला, तर सहा रॅम्पची ऑर्डर. त्यासाठी एक अख्खी फ्रीझर रूम महिनाभर बंद ठेवायला तयार झाला.

मेधाला फोन केला. ती बरं म्हणाली. नवीन व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकली: हेड, स्नो सोल्यूशन्स, गल्फ रीजन.

रविवार, ३ ऑगस्ट
शुभारंभ झाला. जुना रॅम्प फोडला, सळईची जाळी टाकली, जाळीवर मॅट बांधली. आमचा इलेक्ट्रिशियन गुंडू कुडाळचा, पंचवीस वर्षं इथे आहे. त्याने मेगर मीटर लावून वायरीचं इन्सुलेशन तपासलं. रीडिंग उत्तम.

मग पूजा. मुहूर्ताचा नारळ मी स्वतः वाढवला. गुंडू म्हणत होता, सायबानू, नारळ बाजूक फोडा. पण जिथे काम, तिथेच नारळ. सांगलीला आमच्याकडे हीच पद्धत आहे. जाळीवर आपटला. फुटेना. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा फुटला आणि पाणी नेमकं मॅटवर सांडलं. शुभ.

गुंडू म्हणाला, परत एकदा मेगर लावून बगूया. नारळ वाढवल्यावर मीटर लावायचं म्हणजे देवाला सर्टिफिकेट मागण्यासारखं. शिवाय काँक्रीटची गाडी दारात उभी होती. यल्ला, चला, म्हणालो. ओतलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट
अठ्ठावीस दिवस वीज सोडायची नाही, असं मॅन्युअल सांगतं. काँक्रीट तयार व्हावं लागतं. म्हणजे ३१ ऑगस्टला बरोबर अठ्ठावीस होतात. योगायोग नाही, हे प्लॅनिंग. गुंडू दर दोन दिवसांनी मेगरचं विचारतो. संशयी स्वभाव. अशी माणसं आयुष्यात इलेक्ट्रिशियनच राहतात.

मेधाने शाळेतून टीसीचा फॉर्म आणला. सेफ्टी म्हणे. फॉर्म टेबलावर पडला होता, मी त्यावर चहाचा कप ठेवला. वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. काही वाटलं नाही. हल्ली बरंच काही वाटत नाही. डॉक्टरला पायासोबत हेही विचारायचं.

रविवार, ३१ ऑगस्ट, दुपारी २
यश.

फ्रीझर तीन दिवसांपासून चालू आहे, रॅम्पवर पांढरा थर धरलाय. यासीनसाहेब आले, अहमद आला. गुंडूने पॅनेलमधला स्विच टाकला. पंधरा मिनिटं थांबलो. बर्फ हलला नाही, पण जाड काँक्रीटला वेळ लागतो. अहमदचा चेहरा पाहून मी बूट-मोजे काढले आणि अनवाणी रॅम्पवर उभा राहिलो. दोन मिनिटं. आणि सांगितलं, गरम लागतंय. खोटं नाही. डाव्या पायाला खरंच ऊब जाणवली. साहेबांना म्हटलं, तुम्हीपण या. ते आले नाहीत.

सोमवार, १ सप्टेंबर
गुंडू घरी आला. चहा घेतला नाही. खाली मान घालून म्हणाला, सायबानू, काल स्विच टाकल्याबरोबर ब्रेकर पडलेलो. परत चढवलंय, परत पडलो. मॅटीत करंट गेलोच नाय.

मग मला गरम काय लागलं?

तळपायाला फोड आलेत, बर्फाने पोळल्याचे, असं मेधा म्हणते. तिने मलम लावलं. तिने डाव्या पायाला हात लावलेला मला कळला नाही, बघितल्यावर कळलं.

बुधवार, ३ सप्टेंबर
गुंडूने मीटरने जागा शोधली आणि हातोडी-छिन्नी लावली. तीन इंचांवर मॅट निघाली. वायर चेपलेली, आतली तार उघडी. आणि तिथेच, काँक्रीटमध्ये रुतलेला करवंटीचा तुकडा. शेंडी अजून होती.

मी म्हणालो, वाळूतून आला असेल. वाळू कुठून येते काय माहीत. गुंडूने तुकडा उचलला, पँटला पुसला आणि माझ्या हातात दिला. अहमद खलास म्हणाला आणि पुढच्या दाराने निघून गेला. महिनाभर बंद ठेवलेली रूम त्याची.

साहेब गाडीत बसताना एवढंच म्हणाले, की लेटर एचआरकडून घे.

रविवार, १४ सप्टेंबर
दुपारची फ्लाइट. मेधाने सगळं आवरलंय. शाळेने त्याच फॉर्मवर शिक्का मारून टीसी दिला, त्यावर चहाचा गोल डाग आहे, सांगलीच्या शाळेत चालेल का विचारत होती. चालेल म्हणालो. मॅटसाठी भारतातली थंड हवेची ठिकाणं मोठं मार्केट आहेत, हे तिला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

माझ्या पँटच्या खिशात करवंटी सापडली. ऋत्विकला. बॅग भरताना. त्याने हातात उलटसुलट करून पाहिली. तो माझ्याशी नेहमी इंग्लिशमध्ये बोलतो, आणि इंग्लिशमध्ये विचारलं असतं तर मी इन्सुलेशन, सँड कंटॅमिनेशन असं काहीतरी सांगितलं असतं. तयार होतं. पण त्याने मराठीत विचारलं. बाबा, तो नारळ तूच फोडलास ना?

हो म्हणालो.

त्याने करवंटी बॅगेत शर्टांच्या मध्ये ठेवली आणि चेन लावली. खाली टॅक्सी आली. मेधाने दोनदा हाक मारली. मी पलंगावरून उठलो नाही. बधिर झालाय पाय, असं तिला सांगितलं. दोन्ही? तिने विचारलं. दोन्ही, म्हणालो.