नागमोडी कडेचा फुगा

३ मार्च १९६९

दादाची पानं आली. नेहमीसारखीच — चित्रं पूर्ण, बोलण्याचे फुगे रिकामे. आमची रीतच उलटी. सगळीकडे आधी गोष्ट, मग चित्र. आमच्याकडे दादा मनाला येईल ते काढतो आणि फुग्यांत काय भरायचं ते मी बघायचं! गोष्ट काय आहे म्हणून विचारलं तर म्हणतो, "तुला दिसेल ती."

लोक भुताखेतांची कॉमिक्स विकत घेऊन घाबरतात. आमचं घेऊन हसतात. आमचा घाबरोबा म्हणजे माणसांना भिणारं भूत. दारावर टकटक झाली की पलंगाखाली. माणूस दिसला की चक्कर येऊन आडवा. छापखान्याचे मालक म्हणाले, "खप बरा आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे डोक्यावरून पाणी!

६ मार्च

दादाचा खोकला हटत नाही. डॉक्टरकडे जाऊन आला. काय म्हणाले?

"कमी बोल म्हणाले. म्हणजे तुझंच काम वाढलं!"

चेष्टेवारी नेलं. मला नाही आवडलं.

११ मार्च

या अंकाचं शेवटचं पान आलं. घाबरोबा दार उघडतो. बाहेर एक टकल्या, कानामागे पेन्सिल — हा दादाच! गर्दीत स्वतःला घुसडायची त्याची जुनी खोड. पण फुग्याची कड नागमोडी काढून ठेवली आहे. आमच्याकडे जिवंत माणसाच्या फुग्याची कड साधी, भुताच्या फुग्याची नागमोडी. वाचणारी पोरंसोरंसुद्धा हे जाणतात. आणि पुढच्या चौकटीत घाबरोबा आडवा पडायचा सोडून पाहुण्याला खुर्ची ओढून देतोय! एका पानात दोन चुका. वय झालं दादाचं.

पांढरा रंग लावून कड साधी केली. आत लिहिलं — "थोडं मीठ मिळेल का हो?" खुर्चीचं मात्र काही जमेना. भीतीनं भुताचं डोकं फिरलं असेल, असं समजतील लोक.

१३ मार्च

पान दाखवायला गेले. दादानं ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"कड बदललीस?"

"चुकली होती तुझी."

"बरं."

एवढंच! मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते. वहिनी काही काम नसताना स्वयंपाकघरात गेली.

१४ मार्च

सकाळीच वहिनी आली. बसलीसुद्धा नाही.

"वन्सं, डॉक्टरांनी हात टेकलेत. फार दिवस नाहीत म्हणाले. तुम्हाला कोणी सांगायचं यावरून आमचं वाजलं. हे म्हणाले, माझ्या तोंडून व्हायचं नाही. पानावर सांगतो, तिला बरोबर कळेल."

नाही कळलं! जन्मभर त्याच्या चित्रांतून त्याचं बोलणं काढत आले, आणि नेमकं हेच कळलं नाही. वर त्याचीच चूक म्हणून रंग फासला. एका फटकाऱ्यात त्याला जिवंत करून टाकलं — आणि मीठ मागायला लावलं!

खूप रडले. आपलं दुःख बाजूला ठेवून वहिनीनंच मला पाणी दिलं.

१५ मार्च

मालकांचा निरोप — पान आजच हवं. दादाकडेच घेऊन गेले. पांढरा रंग ब्लेडनं खरवडला. खालची नागमोडी कड पुन्हा दिसायला लागली. दादा शेजारी बसून बघत होता. मी आत लिहिलं —

"घाबरू नकोस रे. मी आता माणूस नाही."

दादा हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग त्या खुर्चीवर बोट ठेवून म्हणाला, "आता कळलं?"

"कळलं," म्हटलं.