साडेतीन बोटांचा गूळ

कुडिप्पारै,
मार्गळी महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय तंगवेलु,

गुऱ्हाळाची पश्चिमेची भिंत मी बांधली. चुलवण मी बांधलं, आणि धूर उलटा आत येतो म्हणून पाडून पुन्हा बांधलं. पाक ओतायची लाकडी परात मी फणसाच्या एका खोडातून कोरली. तिला सांधा नाही, म्हणून आजवर चीर नाही. चरकाचे दात झिजले तेव्हा उदुमलपेटचा मिस्त्री म्हणाला, नवा घ्या. मी ते भरून आणले, कानशीने घासून बसवले, अजून चालतात. वरच्या ओढ्यापासून खालच्या फडापर्यंतचा पाट मी खोदला आणि त्याचा उतार अर्ध्या भरलेल्या बाटलीने तपासला. छपरावरचं उसाचं पाचट दरवर्षी मीच शाकारतो. आणि तुझ्या लग्नात वाटलेला गूळ, ज्याची चव तुझे वडील मरेपर्यंत सांगत होते, तोही माझ्याच हातचा. वळणं तेवढं आईचं, बाकी यातलं मला कुणीही शिकवलं नाही. माझा बाप दुसऱ्याच्या फडात ऊस तोडायचा, त्यालाच काहिलीजवळ उभं राहू देत नसत, तर मला कोण शिकवणार? मी लांबून बुडबुडे बघून शिकलो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. बरं, मोठेपणासाठीच सांगतोय. तू काय बनवलंस तेही याच कागदावर पुढे येणार आहे. दोन्ही शेजारी शेजारी असलेली बरी.

आधी गावची खबर. बैलांच्या पोंगलच्या दुसऱ्या दिवशी मुरुगाच्या देवळापुढे सगळ्या गुऱ्हाळवाल्यांची बैठक आहे. विषय एकच, आपला गूळ बाजारातून परत का येतो. सगळे माझ्याकडे बघणार, कारण पाकाचं आणि चवीचं या गावात मलाच विचारतात. उत्तर मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. ते मी बोललो तर तुझं दुकान बुडतं, आणि त्या दुकानात माझी बहीण राहते. नाही बोललो तर गाव बुडतं. ऐन पोंगलच्या तोंडावर मागच्या वर्षी खोऱ्यात इतका धूर असायचा की दुपारपर्यंत समोरचा डोंगर दिसायचा नाही. आता डोंगर सकाळपासून स्वच्छ दिसतो, बघवत नाही. वेल्लैच्चामीने उभा फड उपटला आणि घेवडा लावला. त्याच्या थोरल्याने तर सरळ निलगिरी लावली. म्हणतो, निलगिरीला ना चव लागते ना इमान. आपली म्हातारी वीरायी टोपली घेऊन बाजारात बसते. परवा एका गिऱ्हाइकाने तिचा गोळा फोडला, हुंगला, जिभेला लावला, परत हुंगला. ती म्हणाली, “एवढं हुंगतोस तर मलाही हुंगून घे बाबा, मीही त्याच गावची आहे.” बाजार हसला. गोळा मात्र फोडलेलाच टोपलीत राहिला.

तुला तर तो हुंगावाही लागत नसे. लहानपणी आपण दोघं एकाच परातीशी बसायचो, आठवतं ना? की शहरात गेल्यावर परात विसरायची असते? खालच्या मुलखात गूळ साच्यात ओततात, ढेप पाडतात, मोकळे होतात. आपल्याकडे हाताला तेल लावायचं आणि पाक चटके देत असतानाच मुठीत धरून वळायचा. थांबलास की संपलं. थंड गुळावर बोट उठत नाही, गोळ्याला भेगा पडतात. म्हणून आपल्या गोळ्यावर चार बोटं उमटलेली असतात आणि म्हणून तो आपला. माझी आई डोळे मिटून गोळा चाचपायची आणि कुणी वळला ते सांगायची. तुझा अंगठा नेहमी खोल जायचा. “हा पोरगा गूळ वळत नाही, गळा दाबतो,” म्हणायची. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. माझी बहीण शेंबगम दहा वर्षांची असताना चरकात ऊस सारता सारता तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं. महिनाभर ती रडली, मग परातीशी येऊन बसली. तिच्या गोळ्यावर तीन बोटं पूर्ण आणि एक अर्धं. ती तो हात कधी लपवायची नाही. उलट देवळात आरती घेताना तोच पुढे करायची. तुमचं लग्न ठरत होतं तेव्हा तुझ्या आत्याने बोटावरून नाक मुरडलं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, “साडेतीनच बरी, चारी असती तर थप्पड जोरात बसली असती.” त्या दिवशी तू मला आवडला होतास. हे कबूल करताना मला काही आनंद होत नाही.

खाली उदुमलपेटला दुकान घालायचं तू म्हणालास तेव्हा मीच गावाला समजावलं. पहिली काही वर्षं तू नीट वागलास, तेही लिहून ठेवतो. मी मापात खोट करत नाही. मग खोऱ्याच्या नावाला सरकारी शिक्का मिळाला, मागणी वाढली, आणि गावाचा गूळ तुला पुरेना. मी म्हटलं होतं, नाही पुरत तर नाही म्हण. तू हसलास. “मच्चान, लोकांना नाव हवं असतं, चव कुणाला कळते?” तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मेव्हण्याच्या बोलण्याचा कोण एवढा कीस काढतो?

कार्तिकात मी काहिलीच्या कडीसाठी लोखंड आणायला खाली आलो होतो. बसला वेळ होता. स्टँडासमोरच्या दुकानात आपल्या खोऱ्याच्या नावाचा, तुझ्या छापाचा डबा दिसला. म्हटलं, बघू तरी कुणाच्या गुऱ्हाळाचा. फोडला. आत फिका पिवळा, उन्हाने विटलेल्या साडीसारखा. जिभेवर आधी साखर, मग खारट, मग पावडर. ऊस कुठेच नाही. थुंकलो. दुकानदार म्हणाला, अहो, हा वरचा गूळ आहे, तुम्हाला सवय नसेल. मला म्हणाला! उरलेला गोळा मी गटारात टाकणार होतो, आणि सहज अंगठा त्याच्या पाठीवरून फिरला. तीन बोटं पूर्ण. एक अर्धं. मी त्या दुकानाच्या पायरीवर बसलो तो बस निघून गेली तरी उठलो नाही. तंगवेलु, तुला खाली माणसं मिळाली नसती असं नाही. तू आधी त्यांच्याकडून वळून घेतला असशीलच, मी पैज लावतो. ती चटक्याला भिऊन थांबली असतील, गोळे फुटले असतील. मग तू आपल्या माणसाचा हात आणलास, कारण गरम पाकात हात घालणारं तुझ्या घरात एकच माणूस होतं. खालच्या व्यापाऱ्याने बोटं उमटवणारा साचा केला असता आणि तो कधी सापडला नसता. तू गावचा म्हणून सापडलास. गुळातला ऊस चोरायचा आणि गोळा वळायचा मात्र आईने शिकवला तसा! एवढी नक्कल करायला बुद्धी लागते, आणि एवढा मूर्खपणा करायलाही.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो होतो. तू नव्हतास. काहिलीजवळ तू कधीच नसतोस. खालच्या ढेपा फोडून टाकल्या होत्या, साखरेची पोती होती, आणि शेंबगम परातीशी वळत बसली होती. मला बघून तिने उजवा हात पदराखाली घेतला. तो हात, जो ती देवापुढे करायची. तू माझ्या बहिणीला उपाशी ठेवलं असतंस, मारलं असतंस, तर मी चार माणसं घेऊन येऊन तुला उचलून आपटलं असतं आणि विषय संपला असता. हे जे केलंस त्याला काय करायचं असतं, मला माहीत नाही. मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं. “अण्णा, हे म्हणतात, तुझा हात लागला की गूळ वरचाच. मी म्हटलं, हात माझा लागला तरी ऊस वरचाच लागतो. त्यांना कळलं नाही.” मग म्हणाली, “तुला बैठकीत बोलायचं ते बोल. माझ्यासाठी गप्प बसलास तर मी माहेरी पाऊल टाकणार नाही.” एवढं बोलून तिने हात पुन्हा परातीत घातला, कारण पाक थंड होत होता. खोट्या गुळाचाही पाक तिच्याने वाया जाऊ देववत नाही. तुझ्या घरात जी काही लाज उरली आहे ती एवढीच, आणि तीही तू कामाला लावलीस.

तेव्हा मी बोलणार आहे. तू ये. मी उठायच्या आधी तू ऊठ. माफी माग म्हणत नाही. माफी तुला सहज जमेल, डोळ्यांत पाणीही येईल, आणि म्हातारे विरघळतील. तसलं काही नको. फक्त सांग, कोणते डबे आमचे आणि कोणते तुझे. ते डबे देवळापुढे आणून फोड, व्यापाऱ्यांना बोलावून फोड. दुकान जाईल. जाऊ दे. तुला चरक चालवता येतो, मी बघितलंय, चांगला चालवायचास. आणि तू आला नाहीस तर मी सांगेन. पुरावा मागतील तर माझी जीभ आहे. या खोऱ्यात तिला अजून कुणी खोटं म्हटलेलं नाही. बोटाचं सांगायचं की नाही, ते मात्र परवापर्यंत ठरत नव्हतं.

मी तुला आजवर कधी पत्र लिहिलं नाही. तुझ्यावर रागवायला फोन पुरत होता. पण परवा कोइम्बतूरहून एक गृहस्थ जीपने गुऱ्हाळावर आले. धंदा तुझाच, तुझ्यापेक्षा दसपट. चिपाडांच्या ढिगाला त्यांनी गवत म्हटलं, तेव्हा त्यांच्या डब्यात काय असेल ते मी विचारलं नाही. तुझा डबा त्यांनी बरोबर आणला होता, आणि अर्ध्या बोटाची गोष्टही त्यांना कुठून तरी कळली होती. कॅमेऱ्यापुढे मी तो गोळा हातात धरायचा, पाठ दाखवायची, तुझं नाव घ्यायचं, शेंबगमचं नाव घ्यायचं आणि बोट कसं गेलं तेही सांगायचं. “अण्णा, खोटं एक अक्षर नको. तुम्ही बैठकीत बोलणारच आहात, तेच आधी आमच्यापुढे बोला,” म्हणाले. माणूस मागत होता ते खरंच होतं. मग त्यांना सुंठीची कॉफी दिली आणि जीप वळवायला पाटाच्या कडेची जागा दाखवली. आता बैठकीत मी उठलो की कुणीतरी पुटपुटणार, याला कितीला घेतलं? पहिला तूच पुटपुटशील. म्हणून ते तू बाहेरून नाही, माझ्याकडून ऐकावंस. बहिणीचं बोट सोडून बाकी सगळं मी देवळापुढे फुकट बोलणार आहे. तेच बोलणं, तिच्या बोटासकट, ते माझ्याकडून विकत घेत होते आणि मी नाही म्हटलं. आठ लाख रुपये.

तुझाच मच्चान,
पळनियाण्डी