देवाचे मासे

आई,

परवा नातीला पोहायला घेऊन गेले होते. इथं हिंगोलीत एका शाळेनं पोहण्याचा तलाव बांधलाय. सुट्टीत तो बंद होता, म्हणून पाणी हिरवंगार झालेलं, कडेनं शेवाळाची साय धरलेली. तिथला माणूस बादलीत पांढरी पावडर कालवून तलावात ओतत होता. नातीनं नाक दाबलं. "शी, आजी, कसला गं हा वास?" मी तिला क्लोरीन म्हणून सांगितलं. तशीच बाकावर बसले. तिला वाटलं आजीला चक्कर आली. मला तुझे हात दिसले होते, कोपरापर्यंत पांढरे आणि बोटांच्या पेरांना भेगा पडलेले. घरी आले ती सरळ लिहायलाच बसले. तुला आई म्हणायची सवय मोडून इतकी वर्षं झालीत की वरचा शब्द लिहितानासुद्धा चोरी केल्यासारखं वाटलं. ही सवय तूच मोडलीस. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

औंढ्याच्या वाटेवरचं आपलं गाव, गावाबाहेर महादेवाचं देऊळ आणि देवळापुढची ती दगडी बारव. सगळं गाव त्या बारवेचं पाणी प्यायचं. आपलं घर देवळाच्या सेवेतलं. बाबा पूजा करायचे, पायऱ्या झाडायचं काम तुझं. बारवेत मासे होते, देवाचे मासे. लाह्या टाकल्या की पायरीपाशी गोळा व्हायचे, आणि माझा धाकटा भाऊ पाण्यात हात घालून त्यांना बोटं चाटू द्यायचा. मग पटकीच्या साथीत बाबा गेले. सकाळी देवळात घंटा वाजवून घरी आले आणि दिवे लागायच्या आत संपले. पूजा चुलत्यांकडे गेली. तुझ्याकडे आम्ही दोघं उरलो, आणि पायऱ्यांचा खराटा.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, हिरवं झालं, आणि आजूबाजूच्या वाड्यांवर पुन्हा पटकी आली. दवाखान्याचा माणूस पावडरीचा डबा घेऊन आला. पारावर जमलेल्या बायांना सांगत होता, "पहले ये हरा साफ करो, माय. फिर दवा डालो. बू टिकनी चाहिए, तबच पानी अच्छा समझो." डबा चावडीत ठेवून तो पुढच्या गावाला गेला. त्या डब्याला कोणी हात लावेना. चुलते म्हणाले, "देवाच्या पाण्यात इलायती चुना टाकून राहिले का तुमी?" तेव्हा तू, डोक्यावरचा पदर सावरत, कधी नव्हे ते पुरुषांपुढं बोललीस. "बारव झाडायची माझ्याकडं हाय ना? मंग मीच टाकते."

मी पायरीवर बसून बघतेय. तू जुन्या लुगड्याचा पट्टा झोळीसारखा धरून पाण्यावरचं शेवाळ ओढून काढतेस, पायऱ्या खराट्यानं घासतेस. बादलीत पावडर कालवतेस, गाळ खाली बसू देतेस, वरचं पाणी बारवेत सोडतेस. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतंय. संध्याकाळी ओंजळभर पाणी घेऊन वास बघतेस, तर वास नाहीच. सगळं औषध शेवाळानंच खाल्लेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकतेस, जास्त टाकतेस. हिरव्याचं राखाडी होतं, राखाडीचं दुधाळ, आणि मग एका सकाळी पाणी इतकं निवळलेलं असतं की जन्मात न दिसलेल्या खालच्या पायऱ्या मला दिसतात. वासही टिकलेला. आणि वर सगळे मासे, पोटं वर करून.

धाकटा मोठ्यानं रडायला लागला. तूही रडत होतीस, पण रडता रडता एकेक मासा उचलून टोपलीत ठेवत होतीस, आणि देवळामागच्या लिंबाखाली खड्डा करून तू ते पुरलेस. बाया काठावर घागरी घेऊन उभ्या होत्या, पाण्याला कोणी शिवेना. शेजारची म्हातारी म्हणाली, "देवाचे मासे मारलेस गं बाई. आता हे पाणी प्याचं कसं?" तू खाली उतरलीस, ओंजळ भरून प्यायलीस. मग मला पाजलंस, धाकट्याला पाजलंस. "बगा. माझे लेकरं पेलेत." त्या उन्हाळ्यात वाड्यांवर माणसं गेली, आपल्या गावात एकही गेलं नाही.

गेला तो धाकटा, आणि तो पावसाळ्यात. हिवताप होता. दात वाजवून थंडी, मग भाजून काढणारा ताप, मग घाम, आणि एक दिवस घामानंतर तो उठलाच नाही. शेजारची म्हातारी भेटायला आली आणि भिंतीला टेकून म्हणाली, "मासे गेले तसं लेकरू गेलं." मला वाटलं तू तिला हाकलून देशील. तू म्हणालीस, "व्हय."

त्या एका 'व्हय'शी मी आयुष्यभर भांडत आले. लग्नानंतर नवऱ्यानं मला शिकवलं, मी मास्तरीण झाले. वर्गात पाण्याचा धडा आला की मी जरा जास्तच जोरात शिकवायची. शाप बिप काही नसतं, पटकी पाण्यातून येते, हिवताप डासांमुळे येतो. पोरं म्हणायची, बाई आज रागावल्यात. आणि एकदा असंच शिकवताना मी पुढची ओळ वाचली, की विहिरीत मासे सोडावेत, ते डासांच्या अळ्या खातात. खडू हातातच राहिला. आपल्या बारवेत त्या पावसाळ्यात एकही मासा नव्हता, गं. वर्ग कसाबसा संपवला आणि शाळेमागं जाऊन रडले. डास काय फक्त बारवेतच होतात, डबक्यांत, खाचखळग्यांत होत नाहीत, असं मी स्वतःला शंभरदा समजावलं. पण तुझ्याशी भांडायचं माझं बळ त्या दिवशी गेलं ते गेलंच. तुला हे कधी कळलं नाही हे बरं झालं. तुझा महादेव रागावला होता एवढंच तुला माहीत होतं, आणि देवापुढं निदान हात तरी जोडता येतात.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हिरवं झालं, साथ पुन्हा आली, डबा पुन्हा चावडीत आला. तू मला घेऊन पुसेगावला मामाकडे आलीस. मला वाटलं, पाहुणपणाला. मामीला मूलबाळ नव्हतं. तू तिला देवापुढं पाटावर बसवलंस, मला उचलून तिच्या ओटीत ठेवलंस आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आजपासून हे लेकरू तुमचं, वहिनी. मी हिची आत्या." मी तुला "आई" म्हणून मिठी मारायला धावले, तर तू मागं सरकलीस. "आत्या म्हन." मी म्हणेना. तू कानफटात दिलीस. तोवर तू मला कधी मारलं नव्हतंस. मग पिशवी उचललीस आणि चालायला लागलीस. मी वेशीपर्यंत ओरडत आले, पण तू एकदाही मागं बघितलं नाहीस. धाकटा गेला म्हणून मी तुला नकोशी झाले, त्याच्या जागी मी मरायला हवं होतं, असं मी तेव्हा समजले. आठ वर्षांच्या पोरीनं आणखी काय समजावं?

त्यानंतर तू यायचीस ती आत्या म्हणूनच. शेंगदाण्याचे लाडू आणायचीस आणि मामीच्या हातात द्यायचीस, "तुमच्या लेकीला द्या" म्हणून. हात अजून तसेच भेगाळलेले असायचे. माझं लग्न झालं तेव्हा कन्यादान मामा-मामीनं केलं आणि तू विधवा म्हणून मागं, दाराआड उभी होतीस. पाया पडायला वाकले तेव्हा हळूच, फक्त तुला ऐकू येईल असं म्हटलं, "आई, जाते." तू मुद्दाम मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोललीस, "तुझी आई तिकडं उभी हाय, माय. तिच्या पाया पड." मी तिकडे गेले. गाडीत बसल्यावर ठरवलं, या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही. आणि ते खरंच बघायला मिळालं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी तू गेलीस. निरोप सासरी आला तेव्हा मी अंगणात धान्य पाखडत होते. सासू वाईट नव्हती, तिला सगळं ठाऊक होतं, पण रीत म्हणजे रीत. म्हणाली, "ज्या नात्यानं ती लग्नाला आली त्याच नात्यानं सुतक, पोरी. आत्याचं आंघोळीवर भागतं." मी आंघोळ केली, आणि लगेच चूल पेटवून सगळ्यांच्या भाकरी थापल्या. तुझ्यासाठी एक दिवसही कोपऱ्यात बसायला मिळालं नाही. धुराचं निमित्त होतं म्हणून डोळे पुसता आले.

पुढे किती वर्षांनी मामी आजारी पडली, तेव्हा मी पुसेगावला राहायला गेले. तिनं उशाशी बसवून घेतलं. म्हणाली, "तुला वाटत असंल, आईनं मला टाकलं. तवा मी बी तिला म्हनले व्हते, वन्सं, काहून पुन्यांदा ते पाप करून राहिल्या? एक लेकरू गेलं ना. आता दुसरं कोनी टाकंल पावडर. तर मला म्हनली, वहिनी, दुसऱ्याइला बी लेकरं हायत. कोनी तरी टाकल्याबिगर गाव वाचत न्हाई. मला आता कोनीच न्हाई, मी निपुत्रिक. मी टाकली तर कोनाचं काय जातंय?"

आई, हे ऐकून मला तुला गदागदा हलवावंसं वाटलं. मला जगवायला तू निपुत्रिक झालीस, आणि मग निपुत्रिक म्हणून दर उन्हाळ्यात गावाचं पाप आपल्या हातांनी कालवत राहिलीस. देवाला फसवायचं म्हणून मी हाक मारली तरी ओ दिली नाहीस. लग्नाच्या मांडवातसुद्धा नाही. मला एकदा कानात सांगितलं असतंस, तर मी जन्मभर तुला आत्या म्हटलं असतं. तेवढीच मिठी मारून घेतली असती. पण नाही. लेकरांच्या पोटात काही राहत नाही असं वाटलं असेल तुला. आणि मी तर जगले, चांगली म्हातारी झाले, माझी लेकरंही सगळी धडधाकट आहेत. तू म्हणशील, बघ. त्याच्यापुढं माझी सगळी मास्तरकी गप्प बसते.

हे पत्र कपाटात साड्यांखाली ठेवीन. पोरांच्या हाती लागलं तर लागलं. एवढं मात्र आजवर कोणाला सांगितलं नाही. मामी गेली तेव्हा लेकीनं धरायचं असतं ते तीन दिवसांचं सुतक मी रीतसर धरलं. चुलीला शिवले नाही, कोपऱ्यात घोंगडीवर बसून राहिले, आणि बाया म्हणाल्या, आईसाठी इतकं रडणारी लेक पाहिली नाही. मामीनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, आणि तिच्या वाट्याचे ते तीन दिवस मी सगळे तुझ्यासाठी रडले.