रिपोर्ट बुधवारी आला होता

नायगाव, मुंबई
२ डिसेंबर २०२४

प्रिय अंबिका,

पत्र बघून चकित होशील. नंबर आहे माझ्याकडे, दोनदा लावायलाही घेतला, पण बोलणं जमलं नसतं. कशी आहेस? कॉलेजातली मुलं ऐकतात का तुझं? कणकवलीला आता पहाटे गारवा असेल, इथे पंखा चालूच आहे. आमची चाळ पाडली. सध्या आम्ही संक्रमण शिबिरात, सातव्या मजल्यावर. बाबांचे गुडघे गेलेत, लिफ्ट बंद पडली की दोन-दोन दिवस खाली उतरत नाहीत. मीही थकले आहे गं. शिबिराला नाही, कामालाही नाही. लिहीत गेले की कळेल.

परवा जेवताना बाबांनी एकदम विचारलं, "तुझी ती अंबिका खंय आसता गो? सहा वर्सां झाली, घराक येवक नाय. भांडलंस काय?"

भांडण नाही, एका स्फटिकावरून झालं, असं म्हणून मी त्यांना सांगत बसले. जन्मभर मिलमध्ये फिटर होते, कशात काय मिसळलं की काय होतं हे त्यांना चटकन समजतं. म्हटलं, लॅबमधला आमचा पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडचा. त्यातला तांब्याचा प्रत्येक अणू म्हणजे बारीकसा चुंबक, एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. एकाला धक्का दिला की रांगेतून लाट जाते. त्यात थोडं स्ट्रॉन्शियम मिसळलं की ती वर-खाली शिस्त मोडते, आणि मग खूप थंड केल्यावर त्यातून वीज बिनअडथळा वाहते. आणखी मिसळलं तर तो गुणही जातो.

"मगे त्या लाटांचा काय होता?"

नेमका तोच प्रश्न, अंबिका. आपण दोघींनी ज्याच्यात वर्षं घातली तोच.

मी म्हटलं, "मी छापलं होतं की लाटा संपतात. अंबिकाच्या स्फटिकात त्या संपत नव्हत्या."

"मगे खरा कोणाचा?"

मी उठून ताटं उचलली.

आता तुला सांगते. जूनमध्ये परदेशात क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर मोजणीची वेळ मिळाली होती. एक नमुना कमी पडत होता म्हणून तुझ्या त्या स्फटिकाच्या कांडीचा तुकडा नेला, सगळ्यात जास्त स्ट्रॉन्शियमवाली. तासाला एक मिलिमीटर वाढवलेली, तू भट्टीपाशी डबा खायचीस ती. लाटा आहेत. पसरट, दमलेल्यासारख्या, पण जवळजवळ मूळच्याच ऊर्जेला. तीन वेळा मोजल्या. इतरांनी दुसऱ्या पदार्थांत हे आधीच पाहिलं होतं, तू वॉरेन सरांना ते पेपर दाखवलेही होतेस. आपल्या पदार्थात तसं होत नाही, असं मी ठासून सांगत राहिले.

परत येऊन माझी जुनी आकडेमोड काढली. लाट पसरट झाली की ती पार्श्वभूमीसारखी दिसते. मी पार्श्वभूमी वजा करताना लाटच वजा केली होती. ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. इथवर मी लोकांना सांगितलंय, आणि लोक समजूनही घेतात.

त्यापुढचं कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझ्या कांडीत स्ट्रॉन्शियम सगळीकडे सारखं आहे का, याच्या तपासणीचा रिपोर्ट मी मागवला होता. लॅबच्या त्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सरांनी तुला विचारलं, "ते सारखं पसरलंय याला पुरावा काय?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "रिपोर्ट अजून आला नाही, सर. पण मला वाटतं स्ट्रॉन्शियमचे पुंजके झालेत. लाटा दिसतात त्या ते न पोचलेल्या भागातल्या."

रिपोर्ट बुधवारी आला होता. मी तो वाचलाही होता. सगळीकडे सारखं होतं, फरक एका टक्क्याच्या आत.

पुढच्या महिन्यात कायम नोकरीचा माझा इंटरव्ह्यू होता, लाटा संपतात म्हणणाऱ्या त्याच पेपरवर. तुझी कांडी खरी ठरली असती तर पेपर गेला असता. बाबांचं आजारपण, घर, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. फक्त पेपर होता.

गेल्या सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

"रिपोर्ट केव्हा आला म्हणालीस?"

"बुधवारी, सर."

"मी अंबिकाला लॅबमध्ये मुदतवाढ दिली नाही. तुझ्या एका वाक्यावर." मग चष्मा घालून म्हणाले, "सुमेधा, प्लीज, आता जा."

पेपर मागे घेत असल्याचं मी कळवलंय, कारणासकट. संस्थेने चौकशी लावली आहे. नोकरीचं काय होईल माहीत नाही, आणि खरं सांगू, त्याची भीती वाटायचीही ताकद उरली नाही. नव्या मोजणीच्या पेपरवर पहिलं नाव तुझं असावं असं सर म्हणतात. ते तुला स्वतः लिहितील. तू नाही म्हणालीस तरी कुणी कारण विचारणार नाही. हरवलेली सहा वर्षं त्याने परत येत नाहीत, हे मला कळतं.

बाबांनाही काल सांगितलं. आज सकाळी चहा त्यांनी एकट्यानेच घेतला.

एकच राहिलं. तू गेलीस त्या दिवशी परळच्या डेपोत सोडायला आले होते मी. एसटीत चढता चढता तू वळून विचारलंस, "सुमे, खरंच माझंच काही चुकलं असेल का गं?" आणि मी म्हणाले, "असेल."

नव्हतं चुकलं, अंबिका. काहीही चुकलं नव्हतं.

सुमेधा